आठवीच्या उंबरठ्यावर : सीमाभागातील मराठी साहित्याच्या तासाचा इतिहास

१९०४ साली धारवाडच्या सरकारी हायस्कुलात मराठी शिकवण्यासाठी एक शिक्षक बदलून आले. नाव कृष्णाजी केशव दामले. पुढल्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९०५ रोजी, हुबळीत प्लेगने त्यांचा अंत झाला, तेव्हा वयाची चाळिशीही उलटली नव्हती. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांना आपण केशवसुत या नावाने ओळखतो ते हेच. त्यांचा कवितासंग्रह हरि नारायण आपटे यांनी १९१७ साली प्रसिद्ध केला, म्हणजे मृत्यूनंतर तब्बल बारा वर्षांनी. धारवाडच्या ज्या मुलांपुढे ते उभे राहत, त्यांच्या हाती आपल्या गुरुजींच्या कवितांचे पुस्तक कधी पडणे शक्यच नव्हते. मराठी कवितेला नवे वळण देणारा माणूस दिवसा वर्गात जुन्या कवींचे अन्वय लावून देत होता, आणि तेही आज ज्याला आपण निःसंशय कन्नड मुलूख म्हणतो तिथे.

केशवसुतांच्या चरित्रात धारवाडचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो. मला मात्र त्या तासाविषयी कुतूहल आहे. सीमाप्रश्नाच्या चळवळीत आपण नकाशे पाहिले, जनगणनेचे आकडे पाठ केले, दुकानांच्या पाट्या आणि सरकारी परिपत्रके यांच्यासाठी मोर्चे काढले. यातले काहीही गैर नाही. परंतु आठवी ते दहावीच्या वर्गात मराठीचा तास सुरू झाल्यावर तिथे काय घडते, कोणती कविता कशी शिकवली जाते, नाटकाचा उतारा कोणी मोठ्याने वाचतो की नाही, याची विचारपूस आपण क्वचितच केली. प्राथमिक शाळा मुलाला अक्षर देते. साहित्य त्याला भेटते ते माध्यमिक शाळेत. आणि सीमाभागातील मराठी मुलाचे संरक्षण नेमके त्याच उंबरठ्यावर विरळ होत जाते. हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

१८५४ साली परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी निवडलेल्या मराठी कवितांचा ‘नवनीत’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. सरकारी शिक्षणखात्याच्या आश्रयाने निघालेल्या या ग्रंथाने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या घडवल्या. मुक्तेश्वराच्या ओव्या, तुकारामाचे अभंग, वामनपंडिताचे श्लोक, मोरोपंताच्या आर्या हे सारे पोथ्यांतून, कीर्तनातून, घराघरांतील पाठांतरातून जगत आलेले धन प्रथमच शाळेच्या दप्तरात आले. गोडबोले यांचे कर्तृत्व एवढ्यावर थांबत नाही. ‘वृत्तदर्पण’ हे छंदःशास्त्राचे पाठ्यपुस्तक त्यांचेच, आणि संस्कृतातील ‘वेणीसंहार’, ‘शाकुंतल’, ‘मृच्छकटिक’ ही नाटके मराठीत आणणारेही तेच. कविता, तिचे शास्त्र आणि नाटक या तिन्हींचे शालेय मराठीतील पहिले भक्कम साहित्य एकाच माणसाच्या हातून उतरले, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. त्यांच्या दृष्टीने या तीन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. तिन्ही कानाने शिकायच्या होत्या. (आज मुलांना ‘नवनीत’ म्हटले की परीक्षेची मार्गदर्शिका आठवते. शब्दांचेही नशीब असते.)

त्या काळातील कवितेच्या तासाला आपण घोकंपट्टीचा तास म्हणून नावे ठेवतो. काही अंशी ते खरेच आहे. अन्वय, शब्दार्थ, समास, वृत्त, अलंकार अशा पायऱ्यांनी कविता उतरवली जाई आणि शेवटी ती पाठ म्हणून दाखवावी लागे. पण या पद्धतीत एक गोष्ट अशी होती की जिची किंमत आपल्याला ती हरवल्यावर कळली. आर्या ही आर्येच्या चालीवर म्हणावी लागे, ओवी ओवीच्या. गणमात्रा मोजणारा मुलगा बोटांवर मोजत असे, पण चुकलेली मात्रा त्याला आधी कानाने कळे. भेंड्या लावताना तीच कविता संध्याकाळी ओसरीवर खेळ होऊन येई. अर्थ पुष्कळदा मागाहून, कधी कधी वीस वर्षांनी उमगे. ज्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाते पण रस्त्यावर दुसरी भाषा आहे, अशा मुलाच्या दृष्टीने भाषेची लय अंगात भिनणे ही केवढी मोठी मिळकत आहे, हे सीमाभागातल्या माणसाला निराळे सांगायला नको.

माध्यमिक शाळेतील या तासाला एकोणिसाव्या शतकात आणखी एका कारणाने महत्त्व आले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, तेव्हा आरंभी परीक्षांत देशी भाषांना स्थान होते. पुढे १८६०च्या दशकात मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांतून त्यांना दूर सारून संस्कृतादी अभिजात भाषांना ती जागा देण्यात आली. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठीला विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे म्हणून दीर्घकाळ खटपट केली. १९०१च्या जानेवारीत ते निवर्तले, त्याच सुमारास एम.ए.च्या परीक्षेपुरता मराठीसाठी दरवाजा उघडला. मधल्या काळात मराठी साहित्याचे सर्वात वरचे विद्यालय म्हणजे हायस्कूलच होते. तिथे जे मिळेल ते मिळेल, पुढे सारे इंग्रजी आणि संस्कृत. म्हणून त्या काळातील शाळामास्तरांच्या यादीत मराठी वाङ्मयातली मोठी नावे इतकी दाट आढळतात. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे पेशव्यांच्या काळातील कागदपत्रे छापत होते आणि नाटकेही लिहीत होते.

नाटकाच्या बाबतीत तर आपल्या बेळगावचा वाटा असा आहे की त्याचा आपण अभिमान बाळगतो, पण अर्थ लावत नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. भाव्यांच्या त्या प्रयोगामागेही कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते, आणि तसे काही मराठीत करावे ही सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांची इच्छा होती. मराठी रंगभूमीची नाळ अशी कन्नड खेळाशी जोडलेली आहे, हे मान्य करण्यात आपल्या मागणीचे काहीही बिघडत नाही. किर्लोस्करांनी काही काळ बेळगावात शिक्षकाचे काम केले, मग सरकारी नोकरी धरली, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले अंक सादर केले.

त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान असलेले गोविंद बल्लाळ देवल बेळगावातूनच १८७९ साली मॅट्रिक झाले आणि तेथेच शाळेत शिकवू लागले. किर्लोस्करांच्या सहवासाने ते रंगभूमीकडे ओढले गेले. गोडबोले यांनी शाळकरी वाचकांसाठी मराठीत आणलेले ‘मृच्छकटिक’ पुढे देवलांच्या हातून संगीत नाटक होऊन प्रेक्षकांपुढे आले. पाठ्यपुस्तकातून रंगमंचावर आणि रंगमंचावरून पुन्हा पाठ्यपुस्तकात, अशी ही ये-जा आहे. देवलांची कीर्ती नाटककार म्हणून जितकी, तितकीच तालीम मास्तर म्हणूनही होती. नाटक मंडळीत लहान वयात दाखल होणाऱ्या, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या मुलांकडून ते स्वच्छ, स्वाभाविक, अर्थाला धरून बोलणे करून घेत. वाक्य कुठे तोडायचे, कोणत्या शब्दावर भार द्यायचा, कुठे नुसते थांबायचे, हे त्या मुलांना व्याकरणाने कळले नसते, ते तालमीने कळले. मला तर वाटते, देवलांनी बेळगावच्या वर्गात सुरू केलेले काम नाटक मंडळीत जाऊन पुरे केले. फरक एवढाच की तिथे परीक्षक समोरच्या अंधारात बसलेले असत आणि ते गुणांऐवजी टाळ्या देत.

त्यांचे ‘संगीत शारदा’ १८९९च्या जानेवारीत प्रथम रंगभूमीवर आले ते पुण्यात किंवा मुंबईत नव्हे, तर इंदुरात. बेळगावात घडलेल्या शिक्षकाचे नाटक, होळकरांच्या राजधानीत, माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी प्रेक्षकांसमोर! महाराष्ट्राबाहेरील मराठी ही कुणाच्या दयेवर जगणारी शाखा आहे असे समजणाऱ्यांनी ही एक तारीख ध्यानात ठेवावी. ‘शारदा’चा विषय पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी मुलगी. पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. हरबिलास सारडा यांच्या नावावरून तो सारडा कायदा, पण मराठी माणसाने त्याला सरळ ‘शारदा कायदा’ करून टाकले. ही चूक मला फार गोड वाटते. नाटक लोकांच्या मनात किती खोल गेले होते याची ती पावती आहे. आणि ‘शारदा’ नववी-दहावीच्या मुलींना शिकवताना हे सांगणारा शिक्षक मिळाला, तर नाटकाचा उतारा नुसता उतारा राहत नाही, कारण वर्गातल्या मुली तिच्याच वयाच्या आहेत.

विसाव्या शतकात शालेय मराठीचा चेहरा पालटला तो आचार्य अत्रे यांच्यामुळे. अत्रे मुळात शिक्षक. पुण्याच्या कॅम्पातील शाळेचे मुख्याध्यापक, लंडनला जाऊन अध्यापनशास्त्राची पदविका घेऊन आलेले. ‘झेंडूची फुले’ लिहून कवींची यथेच्छ टर उडवणाऱ्या या माणसानेच पुढे मुलांच्या हाती ताज्या कविता आणि प्रसन्न गद्य देणाऱ्या वाचनमाला काढल्या. त्यांतली ‘नवयुग वाचनमाला’ विशेष गाजली. विडंबनकाराला कवितेचा कान उत्तम असावा लागतो, हे त्यातून सिद्धच झाले. पंडिती काव्याच्या दाट सावलीतून शाळेतली कविता अंगणात आली ती या काळात. त्या दिवसांत बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हा सारा भाग मुंबई इलाख्याच्या एकाच शिक्षणखात्याखाली होता. पुण्याच्या मुलासमोर जे मराठी वाङ्मय उघडत होते, तेच बेळगावच्या मुलालाही खुले होते, आणि ही गोष्ट इतकी स्वाभाविक होती की तिची नोंद घेण्याचे कुणाला सुचले नाही. १९२९ आणि १९४६ अशी दोन मराठी साहित्य संमेलने बेळगावात भरली. १९४६चे, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील संमेलन संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावामुळे इतिहासात गेले. राजकीय एकीकरणाची ती मागणी साहित्याच्या मंडपातून उठली. शाळेत एकच साहित्य शिकलेल्यांच्या मनात ती उठणे साहजिकच होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हे सूत्र तुटले. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. नकाशावरची रेघ शेतांतून आणि घरांमधून गेली याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. ती रेघ पाठ्यपुस्तकातूनही गेली, हे मात्र फारसे कुणी लिहिले नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात महाराष्ट्राचे पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’, स्थापन झाले आणि महाराष्ट्रातल्या मुलांच्या सामूहिक आठवणींत तिच्या कविता कायमच्या जाऊन बसल्या. आज पुण्या-मुंबईचे चाळिशीतले लोक एकत्र आले की शाळेतली एखादी कविता कुणीतरी सुरू करतो आणि बाकीचे पुरी करतात. बेळगावचा त्यांच्याच वयाचा माणूस तिथे असेल तर तो दुसऱ्या ओळीला गप्प होतो. त्याने मराठी कमी वाचलेली नसते. त्याच्या वाट्याला वेगळ्या राज्याने निवडलेल्या वेगळ्या कविता आलेल्या असतात. सीमेपलीकडे असणे म्हणजे काय, हे मला मोर्च्यांपेक्षा अशा क्षणी अधिक टोचते.

न्यायाने बोलायचे तर कर्नाटक सरकार मराठीत पाठ्यपुस्तके छापते. कन्नड, इंग्रजी, हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर मराठी हेही तेथील एक अधिकृत माध्यम आहे. सगळीच राज्ये अल्पसंख्याकांसाठी एवढे करतात असे नाही. दहावीच्या परीक्षेत ६२५ पैकी १२५ गुण प्रथम भाषेला आहेत, आणि मराठी मुलाला मराठी ही प्रथम भाषा म्हणून घेता येते. इतर प्रत्येक विषयाला १००. कागदावर पाहिले तर मराठी हा त्या मुलाचा सर्वात वजनदार विषय आहे.

पण हा अधिकारही सहज राहिलेला नाही. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी द्याव्यात असे ते सांगते. आपण या कलमाचा उठता-बसता हवाला देतो, परंतु त्यातला एक शब्द नीट वाचत नाही. ते कलम प्राथमिक टप्प्यापुरते आहे. माध्यमिक टप्प्यासाठी घटनेत तशी थेट तरतूद नाही. तिथे कलम २९ आणि ३० यांचा व्यापक आधार घ्यावा लागतो, आणि रोजच्या व्यवहारात १९६१च्या मुख्यमंत्री परिषदेच्या सुमारास रूढ झालेले प्रशासकीय निकष चालतात. प्राथमिकसाठी शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असली तरी पुरेसे मानले गेले. माध्यमिकसाठी मात्र वरच्या चार इयत्ता मिळून ६० आणि प्रत्येक वर्गात १५. म्हणजे ज्या इयत्तांत कविता, नाटक, निबंध या गोष्टी खऱ्या अर्थाने सुरू होतात, तिथे हजेरीपटावर चौदा नावे असली तर मागणीचा पायाच डळमळतो. एक कुटुंब इंग्रजी माध्यमाकडे वळले, एक मुलगी लग्नासाठी शाळेतून काढली, की वर्गाच्या साहित्याचा हिशेब बदलतो. कविता शिकवायची की नाही, हे पटसंख्येने ठरावे, असा हा प्रकार आहे.

१९८२ साली याहून मोठा आघात झाला. विनायक कृष्ण गोकाक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींचा आधार घेऊन माध्यमिक शाळांत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा करणारा आदेश निघाला. सीमाभागातला १९८६चा उद्रेक आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. १९८९च्या जानेवारीत कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो आदेश रद्द ठरवला, त्याच वर्षी सुधारित आदेश निघाला, आणि प्रथम भाषा म्हणून मातृभाषा निवडण्याची मुभा राहिली. पुढे २०१५च्या कायद्याने सर्व शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. या साऱ्यात एक विलक्षण गोष्ट अशी की गोकाक हे स्वतः थोर कन्नड कवी, पुढे ज्ञानपीठाचे मानकरी झालेले, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवलेले. मराठी मुलांच्या तोंडावरची कविता त्यांना परकी नव्हती.

इथे थोडे आत्मपरीक्षणही करायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर धारवाडकडच्या अनेक शाळांतून कन्नड घरांतली मुले मराठीत शिकत होती, कारण पेशवाईनंतरच्या कारभाराला तेच सोयीचे होते. डेप्युटी चन्नबसप्प यांच्यासारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी खपून तिथे कन्नड शाळा उभ्या केल्या, त्यांना आज कन्नड समाज आदराने स्मरतो. ते योग्यच आहे. आपली मागणी न्याय्य ठरते ती याच तत्त्वावर. जे धारवाडच्या कन्नड मुलाला तेव्हा मिळायला हवे होते, तेच बेळगावच्या मराठी मुलाला आज हवे आहे. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, आणि ते कन्नडचे ‘वरकवी’ झाले. दोन भाषांमध्ये राहणारा माणूस कुठल्याही एका भाषेत उणा असतो, ही समजूत त्यांनीच खोटी पाडली आहे. अक्का, अण्णा, अडकित्ता हे शब्द आपण कुठून घेतले, हे आठवीच्या वर्गात सांगायला कुणाची हरकत असू नये.

आता तासाकडे येतो. काही वर्षांपूर्वी तालुक्यातील एका हायस्कुलात दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसण्याचा योग आला. मराठीच्या शिक्षकाची जागा रिकामी होती, म्हणून समाजशास्त्राचे सर मराठीचाही तास घेत. त्यांचा दोष काही नव्हता, त्यांनी प्रामाणिकपणे प्रश्नोत्तरे लिहून दिली. कवितेचा मध्यवर्ती आशय चार ओळींत, कवीचा परिचय पाच ओळींत, एक ‘संदर्भासह स्पष्टीकरण’. चाळीस मिनिटांत कविता एकदाही कुणी मोठ्याने म्हटली नाही. पुढचा तास नाट्यउताऱ्याचा होता. सरांनी, मी बसलो आहे म्हणून असेल, भूमिका वाटून दिल्या. आईचे संवाद वाचणारी मुलगी पुस्तकी मराठी वाचत होती, पण तिचा हेल तिच्या गावचा होता, वाक्याच्या शेवटी किंचित लांबणारा. वर्ग आधी हसला. ती थांबली नाही. तिसऱ्या संवादाला हसणे बंद झाले आणि मुले पुस्तकातून मान वर करून तिच्याकडे पाहू लागली. तास संपल्यावर एका मुलाने विचारले, “सर, हे नाटक पुरं कुठं मिळतंय?” शाळेच्या कपाटात ते नव्हते.

त्या हेलाचा प्रश्न क्षुल्लक नाही. आपल्या मुलांना लहानपणापासून ऐकवले जाते की तुमची मराठी अशुद्ध आहे, कानडी वळणाची आहे. पु. ल. देशपांडे यांनी बेळगावच्या महाविद्यालयात काही काळ शिकवले, आणि ‘गणगोत’मधील त्यांचे ‘रावसाहेब’ त्याच बेळगावी बोलण्यातून जिवंत झाले. प्रकाश नारायण संत यांचा लंपन बोलतो ती मराठी याच मातीतली. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ ही त्यांची चारही पुस्तके शाळकरी वयाच्या मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेला हा परिसर आहेत. निपाणीत पिठाची गिरणी चालवत महादेव मोरे यांनी कष्टकऱ्यांच्या बोलीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या. आठवीच्या मुलाला हे पहिल्यांदा वाचून दाखवावे आणि त्याचा चेहरा पाहावा. आपण बोलतो ते छापता येते, ही बातमीच त्याला नवी असते. पाठ्यपुस्तकात काय असावे हे बंगळुरात ठरते, मान्य. पण पूरक वाचनाचा अर्धा तास शाळेच्या हातात असतो, आणि तो पुष्कळदा रिकामाच जातो.

लंपनच्या लेखकाची आई इंदिरा संत. इंडीत जन्मलेल्या, तवंदीच्या घरात वाढलेल्या, आणि आयुष्यभर बेळगावात राहिलेल्या. ‘गर्भरेशीम’ला १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ‘मेंदी’, ‘मृगजळ’, ‘रंगबावरी’ कुणाला माहीत नाहीत? पण त्यांची आणखी एक ओळख आहे, तिच्यावर आपण कमी बोलतो. त्यांनी बेळगावात शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवले, पुढे प्राचार्यपदही सांभाळले. म्हणजे सीमाभागातल्या मराठी शाळांत उभे राहणारे कित्येक शिक्षक मराठीतल्या एका श्रेष्ठ कवयित्रीच्या हाताखालून गेले. केशवसुत धारवाडच्या मुलांना शिकवत होते, इंदिराबाई मुलांना शिकवणाऱ्यांना. कविता कशी वाचावी हे ज्यांनी अशा माणसाकडून ऐकले, त्यांचे तास निराळे झाले असतील, असे मानायला हरकत नसावी. त्या पिढीतील शिक्षक आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या जागी आलेल्यांपैकी अनेकांचे मन चांगले आहे, पण त्यांना मराठी कविता शिकवण्याची तालीम देणारी व्यवस्था आपल्या भागात उरलेली नाही.

या मुद्द्यावर आपल्या समितीच्या आणि संघटनांच्या निवेदनांत एकही ओळ नसते. मराठी फलक, मराठी कागदपत्रे, मराठी परिपत्रके ही मागणी क्रमांक एकपासून सुरू होते आणि संपते. माध्यमिक शाळांतील मराठी भाषाशिक्षकांच्या रिकाम्या जागा किती, त्या मराठीचा अभ्यास केलेल्यांनीच भराव्यात का, प्रथम भाषा मराठीच्या पाठ्यपुस्तक समितीवर सीमाभागातील शिक्षक किती, हे प्रश्न भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे आपण कधी लेखी मांडले, हे मला शोधूनही सापडले नाही. कुणाजवळ तशा निवेदनाची प्रत असल्यास अवश्य पाठवावी, मी माझे विधान आनंदाने मागे घेईन.

थंडीच्या दिवसांत कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी येथे ग्रामीण मराठी साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडी निघते, लेझीम असते, दुपारी कविसंमेलन होते, आणि गावच्या हायस्कुलातली मुले गणवेशात पहिल्या रांगांत बसवलेली असतात, कारण मंडप भरलेला दिसावा लागतो. यंदा दोन-तीन संमेलनांच्या आयोजकांशी माझे बोलणे झाले आहे. कविसंमेलनाआधीचा अर्धा तास त्या मुलांना द्यावा, देवलांच्या एखाद्या नाटकातला एक प्रवेश त्यांनी रंगमंचावरून, पुस्तक हातात धरून का होईना, आपल्या गावच्या हेलात वाचावा, अशी विनंती केली. एकाने लगेच होकार दिला. दुसऱ्याने विचारले, तालीम कोण घेणार? मी म्हटले, शाळेतल्या बाईंना विचारू या. त्या गणित शिकवतात, पण त्यांच्या वडिलांनी गावच्या नाटकात काम केले होते, असे कळले आहे.